पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातली उंच रानफुलं – उत्तर अमेरिकेतल्या बागांसाठी

ओलीमाती (न्यू जर्सी), १४ ऑगस्ट

आमच्या मागच्या अंगणात पन्हळीचं पाणी उतरतं तिथे वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद असा सखल पट्टा आहे. मार्च ते मे तिथे पाय ठेवला की बूट रुततो. आधी तिथे गवत होतं, ते पिवळं पडून कुजलं. दोनदा माती आणून भर घातली, पहिल्या मोठ्या पावसात ती वाहून ड्राइव्हवेवर आली. लॅव्हेंडर आणि साल्व्हिया एकाच हिवाळ्यात संपले.

मग एकदा ओढ्याकाठी फिरायला गेले होते. तिथेही तसाच काळा चिखल. खत कोणी घातलेलं नाही, पाणी कोणी दिलेलं नाही, आणि माझ्या डोक्यावर दोन हात उंच जो-पाय वीड, त्याला लागून गडद जांभळं आयर्नवीड. त्यांवर टायगर स्वॉलोटेल फुलपाखरं इतकी होती की मी वीस मिनिटं जागची हलले नाही. घरी येताना एकच विचार डोक्यात होता, आपण इतकी वर्षं जागा दुरुस्त करत बसलो आणि जागा बिघडलेली नव्हतीच.

आज त्या पट्ट्याला चार वर्षं झाली. मागच्या रांगेत जो-पाय आणि न्यू यॉर्क आयर्नवीड, मधे स्वॅम्प मिल्कवीड, हेलेनियम आणि न्यू इंग्लंड ॲस्टर, पुढे कार्डिनल फ्लॉवर आणि ब्लू फ्लॅग आयरिस. पहिल्या वर्षी सगळं मिळून गुडघ्याएवढं होतं, फुलं जवळजवळ नाहीतच. दुसऱ्या वर्षी कंबरेपर्यंत. तिसऱ्या जुलैत मी मागच्या रांगेमागे उभी राहिले तर घरातून दिसेनाशी झाले.

यंदा मात्र जुलैच्या वादळात जो-पाय आणि ॲस्टर आडवे झाले. काठ्या लावायच्या का? तुमच्याकडे ओल्या जागेत काय टिकलं, काय गेलं, तेही लिहा. फोटो संध्याकाळी टाकते.

रानवारा (मिशिगन)

ओलीमाती, छान धागा काढलास. मी सव्वीस वर्षं इथे बाग करतोय, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

आधी सांग, तुझं जो-पाय कुठलं? तीन जाती सर्रास मिळतात आणि तिन्ही एकाच नावाने विकल्या जातात. फिस्टुलोसम म्हणजे पोकळ खोडाचं, ते सहा-सात फूट सहज जातं. मॅक्युलेटमच्या खोडावर जांभळे ठिपके असतात, फुलांचा झुबका वरून सपाट दिसतो, आणि त्याला खरोखरचा चिखल व थंड हवा आवडते. माझ्याकडे तेच आहे. पर्प्युरियमचं खोड हिरवं, फक्त पेरांवर जांभळा रंग. पान चुरगाळलं की व्हॅनिलासारखा वास येतो. ते अर्ध्या सावलीत, थोड्या कोरड्या जागेतही चालतं. एखादं खोड आडवं कापून बघ, पोकळ असेल तर शंका उरणार नाही. लेबलवर अजून कधीकधी युपॅटोरियम हे जुनं नाव असतं, आता त्यांना युट्रोकियम म्हणतात.

आता पडण्याबद्दल. ही झाडं पडतात त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: ऊन कमी, खत जास्त, किंवा शेजार विरळ. तू कंपोस्ट घातलंस का? माळरानावर किंवा ओढ्याकाठी ही झाडं गवतांच्या आणि एकमेकांच्या गर्दीत वाढतात, टेकायला चारी बाजूंनी शेजारी असतो. आपण त्यांना सुटं लावतो, वर नायट्रोजन देतो, मग खोड भराभर लांबतं पण ताठ होत नाही. काठ्या लावू नकोस. मधल्या मोकळ्या जागेत सेज (sedge, गवतासारखी पाणथळ झाडं) लाव. माझ्याकडे फॉक्स सेज आणि टसक सेज आहेत. दोन्ही पाण्यात पाय बुडवून सुखाने राहतात, तणाला जागा ठेवत नाहीत आणि उंच खोडांना खालून धरतात. टसक सेजचे गठ्ठे हिवाळ्यातही छान दिसतात.

ॲस्टरचा उपाय वेगळा. मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची उंची तिसऱ्या हिश्शाने कापून टाक. फांद्या फुटतात, झाड बुटकं आणि भरीव होतं, फुलं आठ-पंधरा दिवस उशिरा येतात. चार जुलैनंतर मात्र कात्री लावू नकोस, कळ्या जातील.

ओलीमाती

रानवारा, कंपोस्ट घातलं होतं. दर वसंतात दोन इंच. मला वाटायचं, इतकी मोठी झाडं, त्यांना भूक मोठी असेल. खोड कापून पाहिलं, पोकळ आहे.

रानवारा

मग फिस्टुलोसम. कंपोस्ट थांबव, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

जो-पाय या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जो पाय हा माणूस खरा होता की नाही यावर फार वर्षं वाद चालला. आता अभ्यासकांनी शोधलं आहे की मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजच्या मोहिकन या मूळ अमेरिकन समाजाचे एक प्रमुख, जोसेफ शॉक्वेथक्वीट, यांना जो पाय म्हणत. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला होऊन गेले. मला हे कळल्यापासून या झाडाला नुसतं 'वीड' म्हणवत नाही.

कोवळीपालवी (पेन्सिल्वेनिया)

मी अगदी नवीन आहे. आमच्या घराच्या उत्तरेला एक जागा कायम ओलसर वाटते, पण पाणी साचलेलं कधी दिसत नाही. ती ओली म्हणायची की नाही? आणि थेट भिंतीला लागून लावलं तर चालेल का?

चिमणचारा (ओहायो)

कोवळीपालवी, आधी ८११ ला फोन कर. ते येऊन जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या लाइन फुकट आखून देतात. मग एक फूट खोल खड्डा खण, पाण्याने भर, ते पूर्ण मुरू दे, आणि पुन्हा भरून वेळ बघ. दोन-चार तासांत गेलं तर ती साधी ओलसर जागा, तिथे बरंच काही येतं. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर ती खरी ओली जागा, तिथे ठरावीक झाडंच टिकतील. हा फरक कळायला मला दोन वर्षं आणि बरीच रोपं लागली. कल्व्हर्स रूट 'ओलसर जागेसाठी' म्हणून आणलं आणि साचलेल्या पाण्यात लावलं. त्याला ओल हवी असते पण निचराही हवा असतो, ते कुजलं. तेच रोप तीन फूट वर, उताराला लावलं तर आज साडेपाच फुटांचं आहे आणि त्याच्या पांढऱ्या मेणबत्त्यांसारख्या तुऱ्यांवर दिवसभर गुणगुण चालते.

भिंतीला लागून नको. मुद्दाम पाणी मुरवायचं असेल तर पायापासून निदान दहा फूट लांब. उत्तरेची सावली असेल तर कार्डिनल फ्लॉवर, ग्रेट ब्लू लोबेलिया आणि टर्टलहेड यांचा विचार कर. आयर्नवीड आणि हेलेनियमला मात्र ऊन हवंच.

पाणवठा (मेरीलँड)

टर्टलहेडचं नाव निघालं म्हणून लिहिते, कारण माझ्या बागेतलं सगळ्यात लाडकं झाड तेच आहे. पांढरं टर्टलहेड, चेलोनी ग्लाब्रा. तीन-चार फूट उंच. फूल कासवाच्या मिटलेल्या तोंडासारखं. त्यात शिरायला ताकद लागते, बंबलबी जबडा उचकटल्यासारखं फूल उघडते, पूर्ण आत जाते, आणि फूल तिच्यामागे मिटतं. बाहेरून नुसती पाकळी थरथरताना दिसते. सप्टेंबरमध्ये मी कॉफी घेऊन रोज तिथेच बसते.

पण मी ते लावलं बाल्टिमोर चेकरस्पॉट फुलपाखरासाठी. काळ्या पंखांवर नारिंगी आणि पांढरे चौकोन असतात. १९७३ पासून ते आमच्या राज्याचं अधिकृत कीटक आहे, आणि तरी इथे ते आता फार कमी ठिकाणी दिसतं. मादी टर्टलहेडच्या पानांखाली पुंजक्याने अंडी घालते. अळ्या उन्हाळ्याच्या शेवटी एकत्र जाळं विणून त्यात राहतात, थंडी पडली की खाली पाचोळ्यात उतरतात, आणि वसंतात उठून उरलेलं खाणं पुरं करतात. म्हणजे फॉलमध्ये त्या जागेचा पाचोळा ओढून पिशव्यांत भरला तर पुढच्या वर्षीची फुलपाखरं त्याच पिशव्यांत जातात. मी सहा वर्षं वाट बघते आहे, अजून एकही आलं नाही. सगळ्यात जवळची ज्ञात वसाहत बरीच लांब आहे. तरी दर वर्षी दोन-तीन रोपं वाढवते.

हरणांना टर्टलहेड आवडतं, हेही सांगून ठेवते. तीन वर्षं जाळी लावावी लागली.

कोवळीपालवी

पाणवठा, वाचून अंगावर काटा आला. खड्डा खणला, पाणी साडेतीन तासांत गेलं. म्हणजे नुसती ओलसर. ऊन सकाळी नऊ ते बारा. यादी करायला घेतली आहे.

एक विचारायचं होतं. ऑफिसच्या वाटेवर एका तळ्याकाठी उंच, गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांची झाडं आहेत, अख्खा काठ भरलेला. फारच सुंदर दिसतं. त्याचं बी गोळा करू का?

रानवारा

थांब! त्याचं खोड बोटांत फिरवून बघ. चौकोनी लागलं, पानं समोरासमोर, बिनदेठाची आणि काठाला दाते नसलेली असली, तर ते पर्पल लूसस्ट्राइफ. युरोप-आशियातलं झाड, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडे आलं. एक पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला वीस लाखांहून जास्त बी टाकू शकतं. एकदा पाणथळीत शिरलं की कॅटटेल, सेज, आपली रानफुलं सगळी बाजूला ढकलतं. बऱ्याच राज्यांत ते विकणं बेकायदा आहे. १९९२ पासून त्याची पानं खाणारे गॅलेरुसेला भुंगेरे मुद्दाम सोडले गेले, त्याने काही ठिकाणी जोर ओसरला, पण ते संपलेलं नाही.

तोच रंग, तोच तुरा हवा असेल तर लायॅट्रिस स्पायकाटा लाव. पानं गवतासारखी, तुरा वरून खाली फुलत येतो, त्यामुळे ओळखायला सोपा. जमिनीत छोटा कंद असतो, चार इंचांवर पुरायचा. तुझ्या जागेत मात्र ऊन थोडं कमी पडेल.

कोवळीपालवी

खोड चौकोनी आहे. बी अजिबात घेतलं नाही. बरं झालं विचारलं.

पाणवठा

तळ्याची मालकी कोणाची ते शोधून त्यांना कळव. राज्याच्या कृषी विस्तार सेवेलाही फोटो पाठवता येतो.

हिरवाकंच (इलिनॉय)

उंच झाडांच्या धाग्यात कप प्लांट कसं नाही? आमच्याकडे आठ फूट. समोरासमोरची पानं खोडापाशी जुळून त्यांची वाटी होते आणि तिच्यात पावसाचं पाणी राहतं. गोल्डफिंच तिथे पाणी पितात, पुढे बी खायला येतात. चिकणमाती असो, पाणी असो, कशालाही हरत नाही. सगळ्यांनी लावावं असं माझं मत.

चिमणचारा

हिरवाकंच, झाड सुंदर आहे याबद्दल वाद नाही. पण 'सगळ्यांनी' याला माझा विरोध. सहा फुटांच्या वाफ्यात कप प्लांट म्हणजे काही वर्षांत फक्त कप प्लांट. बी सगळीकडे पडतं आणि चार वर्षांचं मूळ कुदळीला दाद देत नाही. तुमच्याकडच्या प्रेअरीत त्याला तोलाचे शेजारी आहेत. न्यू जर्सीच्या अंगणात ते नाहीत, आणि ईशान्येच्या काही भागांत ते मूळचंही नाही. 'उत्तर अमेरिकेचं मूळ' एवढं पुरेसं नसतं, आपल्या काउंटीत काय उगवत होतं ते बघायला हवं.

हिरवाकंच

माझ्याकडे पाऊण एकर आहे, त्या हिशेबाने लिहिलं. लहान वाफ्यासाठी तुझं म्हणणं मान्य. मग पिवळ्या रंगासाठी हेलेनियमच ठीक, तीन ते पाच फूट. त्याला स्नीझवीड म्हणतात म्हणून लोक घाबरतात, पण त्याच्या परागाने शिंका येत नाहीत. गोल्डनरॉडवरही हाच खोटा आळ. त्याचे पराग जड आणि चिकट, ते मधमाश्याच नेतात. त्याच दिवसांत गुपचूप फुलणारं रॅगवीड वाऱ्यावर पराग सोडतं आणि नाव दुसऱ्याचं होतं.

सांजसावली (कनेटिकट)

बियांपासून कोणी वाढवलंय का? एक-एक रोप विकत घेऊन वीस फूट भरणं मला परवडणार नाही. मागच्या वर्षी स्वॅम्प मिल्कवीडचं बी एप्रिलमध्ये घरात कुंडीत पेरलं, एकही उगवलं नाही.

चिमणचारा

सांजसावली, बी मेलेलं नव्हतं. त्याला हिवाळा मिळाला नव्हता. यातल्या बहुतेक बियांना उगवण्याआधी ओलाव्यात थंडी लागते. स्वॅम्प मिल्कवीडला निदान महिनाभर, जो-पाय आणि आयर्नवीडला दोन महिने धरून चाल. निसर्गात बी फॉलमध्ये पडतं, बर्फाखाली राहतं, वसंतात उठतं. तोच क्रम आपण द्यायचा.

मी दुधाच्या रिकाम्या गॅलनच्या कॅनमध्ये पेरते. कॅन मधोमध आडवा कापायचा, हँडलपाशी बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. तळाला सात-आठ भोकं. कुंडीची माती ओली करून चार इंच भरायची, बी पेरायचं, कापलेली कड टेपने बंद करायची, झाकण काढून टाकायचं आणि डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर ठेवून द्यायचं. बर्फ, पाऊस वरच्या तोंडातून आत जातो. एप्रिलमध्ये आत हिरवं दिसायला लागतं. दिवस गरम झाले की टेप काढून दिवसा उघडं ठेवायचं. नाव कॅनच्या तळाला लिही, बाजूला लिहिलेली शाई उन्हाने उडते आणि मग मेमध्ये सगळी रोपं सारखीच दिसतात.

कार्डिनल फ्लॉवरचं बी धुळीसारखं असतं. ते मातीने झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. नुसतं वर भुरभुरवून बोटाने दाबायचं.

एका कॅनमधून मला चाळीस मिल्कवीड मिळाली.

ओलीमाती

चिमणचारा, कार्डिनल फ्लॉवरबद्दल माझा अनुभव लिहिते, कोणाची तरी रोपं वाचतील. पहिल्या फॉलमध्ये मी सगळ्या वाफ्यावर तीन इंच पानांचं आच्छादन घातलं. वसंतात बाकी सगळं आलं, कार्डिनल एकही नाही. नंतर कळलं की ते झाड हिवाळाभर जमिनीलगत हिरव्या पानांचं चक्र राखून असतं, त्याला उजेड लागतो. मी ते गाडून टाकलं होतं. आता तेवढ्या जागी हाताने पानं बाजूला करते. फुललेलं खोड वर्षाअखेर मरतं, पण बुडाशी नवी चक्रं येतात. ती आली की झाड टिकलं. ऑगस्टमध्ये हमिंगबर्ड या लाल फुलांसाठी भांडतात, त्यासाठी एवढं करायला माझी तयारी आहे.

दुसरी चूक वेळेची. ऑक्टोबरच्या शेवटी स्वस्तात मिळाली म्हणून मिल्कवीडची सहा रोपं लावली. ओली माती गोठली, फुगली आणि मुळांनी धरलेलं नसल्यामुळे रोपं गड्ड्यासकट वर ढकलली गेली. जानेवारीत मुळं हवेत. ओल्या जागेत मे-जून सगळ्यात चांगला, नाहीतर सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उरकावं.

आणि हो, स्वॅम्प मिल्कवीड आणि रोज मॅलो वसंतात फार उशिरा उठतात. मेच्या मध्यापर्यंत काही दिसलं नाही तरी मेलं समजून उकरू नका. मी खूण म्हणून प्रत्येकाशेजारी एक चपटा दगड ठेवते.

सांजसावली

पिवळ्या माव्याचं काय करता? माझ्या शेजारणीच्या मिल्कवीडची खोडं पिवळीधमक झाली होती.

पाणवठा

काही फवारू नका, साबणाचं पाणीसुद्धा नाही. मोनार्क फुलपाखराची अंडी आणि बारीक अळ्या त्याच पानांवर असतात. फारच झाले तर खोड दोन बोटांत धरून वरून खाली पुसायचं, आधी पानाच्या खालची बाजू बघून. मावा आला की तो खाणारे लेडीबग येतातच. झाड मरत नाही. विकत आणताना मात्र रोपवाटिकेत नक्की विचारा की नियोनिकोटिनॉइड हे कीटकनाशक वापरलं आहे का. ते झाडाच्या आत, पानात आणि मधातही उतरतं.

निरंतर (व्हर्जिनिया)

मी आज वेगळ्याच कारणाने आलो आहे. समोरच्या बाजूला पावसाचं पाणी मुरवायला खोलगट वाफा केला, सात इंच खोल. त्यात आयर्नवीड, जो-पाय. आमच्या घरांच्या वसाहतीच्या मंडळाचं (HOA) पत्र आलं, 'एक फुटापेक्षा उंच तण, चौदा दिवसांत काढा.' फुलं लागलेली असताना. मला फार वाईट वाटलं. बायको म्हणते, कापून टाक. मला ते जमणार नाही.

पाणवठा

कापू नका. आमच्याकडे मेरीलँडमध्ये २०२१ साली कायदाच झाला, वसाहतीच्या मंडळांना परागवाहकांच्या किंवा पाणी मुरवणाऱ्या बागांवर अवाजवी बंदी घालता येत नाही. तुमच्या राज्यात काय आहे ते बघा, पण त्याआधी वाफा ठेवलेला दिसेल असं करा. पुढे दोन फूट बुटकी झाडं. कडेने दगडांची किंवा विटांची स्पष्ट रेघ. रस्त्याकडेला गवताची एक पट्टी, दर आठवड्याला कापलेली. आणि एक छोटी पाटी. बघणाऱ्याला कळलं की हे मुद्दाम केलं आहे, तर पत्रं कमी येतात. मंडळाला झाडांची नावं आणि वाफ्याचा नकाशा लेखी द्या. सहा-सात फुटांची झाडं घराकडच्या बाजूला सरकवता आली तर फॉलमध्ये सरकवा.

निरंतर

विटांची कड आजच लावली. नकाशा मुलीने काढून दिला. मंडळाने तीस दिवस थांबायचं कबूल केलं आहे.

रानवारा, ३ नोव्हेंबर

सगळ्यांना आठवण. वाफे आत्ता साफ करू नका. आयर्नवीड, हेलेनियम, जो-पाय, सगळं वाळून उभं राहू द्या. पक्षी बी खातील. एप्रिलमध्ये, थंडी सरल्यावर, खोडं पंधरा-अठरा इंचांवर कापा, पार जमिनीशी नाही. पोकळ आणि भुसभुशीत गाभ्याच्या त्या खुंटांत छोट्या कारपेंटर बी (एक प्रकारच्या रानमाश्या) घरटी करतात. नवी पालवी जूनपर्यंत खुंट झाकून टाकते. कापलेली लांब खोडं जाळू नका, कुंपणाशी रचून ठेवा, त्यांत आधीच कोणी असू शकतं.

निरंतर, २२ नोव्हेंबर

वाफा राहिला. तीन मोठी झाडं घराकडे हलवली, बाकीचं मंजूर झालं. पाटी लावायची अट आहे, ती आनंदाने लावतो आहे.

ओलीमाती, १९ जून

उशिरा लिहिते आहे. यंदा कंपोस्ट घातलं नाही. मधे चौदा फॉक्स सेज लावली, ॲस्टर मागच्या आठवड्यात तिसऱ्या हिश्शाने कापला. जो-पाय आत्ता साडेचार फूट आहे, गेल्या वर्षी या वेळेला साडेपाच होतं, पण खोड अंगठ्याएवढं जाड आहे. परवा रात्री मोठं वादळ झालं. सकाळी चप्पल न घालता तशीच धावत गेले. एकही पडलं नव्हतं.

रानवारा, एप्रिलमध्ये पंधरा इंचांवर कापलेल्या खुंटांपैकी पाचांच्या टोकाला आज गोल भोक आहे, पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडं मोठं. एकातून भुसा खाली पडत होता. मी वाकून बघत होते तेवढ्यात आतून एक काळी-निळसर, मुंगीपेक्षा जराशी मोठी माशी उलट्या पावली बाहेर आली, भुसा टाकला आणि परत आत गेली.

पाणवठा, २० जून

ओलीमाती, तीच ती, छोटी कारपेंटर बी. फोटो टाक ना. आणि मला तुझा पत्ता निरोपात पाठव, टर्टलहेडची चार रोपं जास्त झाली आहेत. ओल्या कापडात गुंडाळून सोमवारी पाठवते.